विहीणबाईंबरोबर शिकागो

शिकागोला आम्ही दोघी विहिणी एकाच वेळी जाऊन धडकलो, त्याला कारण व्हिसा. प्रज्ञाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, बाळंतपणाला आधी मी जायचं आणि मी परतले की तिच्या सासूबाईंनी यायचं, असं ठरलं होतं. पण माझा व्हिसा लांबला, त्यांचा लवकर आला, आणि जावयाने, किरणने, घाईघाईत तिकिटं काढली. आम्ही पोचलो तेव्हा नात सहा आठवड्यांची होती. पुढचे तीन आठवडे दोन खोल्यांच्या घरात, एका स्वयंपाकघरात, आम्ही दोघी.

तशा आम्ही दोघी भिलाईच्याच. मी रिसालीत राहते, विहीणबाई सेक्टर दहात. स्कूटरने दहा मिनिटं. त्या तेलुगू, नाव वरलक्ष्मी. त्यांचे यजमान पोलादाच्या प्लांटमध्ये रेल मिलला, म्हणजे रूळ बनवतात तिथे, होते; दोन वर्षांपूर्वी वारले. आम्ही नागपूरकडचे बौद्ध. मी दुर्ग स्टेशनच्या आरक्षणाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसून निवृत्त झाले. मुलं एका शाळेत होती, पुढे त्यांनी आपलं आपण जमवलं.

लग्नाला चार वर्षं झाली. या चार वर्षांत विहीणबाई माझ्या घरी पाच-सहा वेळा आल्या असतील. दर वेळी त्यांचा उपवास असायचा. सोमवारी आल्या तर सोमवारचा, गुरुवारी आल्या तर गुरुवारचा. एकदा रविवारी आल्या, तेव्हाही होता. पाण्याची बाटली घरून आणायच्या. हा उपवास कुठला, हे आमच्यातल्या माझ्या वयाच्या बाईला विचारावं लागत नाही. मी पोह्यांची बशी उचलून आत न्यायची आणि मुलांच्या गोष्टी काढायची. प्रज्ञाला यातलं कधी बोलले नाही. तिचा संसार चांगला चालला होता.

शिकागोतही तेच सुरू झालं. पहाटे साडेपाचला उठून त्या पप्पू, म्हणजे त्यांच्याकडचं वरण, रसम, भात करून ठेवायच्या. सगळ्यांना वाढायच्या, मलाही. मी जेवायची, त्यांच्या हाताला चव आहे. संध्याकाळी मी काही केलं की मात्र त्यांना भूक नसायची. त्यात बाळाच्या मालिशला तेल कोणतं, यावरून आमची रोज धुसफूस. चौथ्या दिवशी प्रज्ञाने एक जाडजूड, कोपरे वळलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं. शिकागो शहराची मार्गदर्शिका होती ती, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली.

"आई, मले अन् बाळाले जरा झोपू दे," ती म्हणाली. "तुमी दोघी रोज दहा वाजता निंगा, तीनला या. याच्यात सारं लिहून हाये."

"तुझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही."

"तुले येते न. तू सांगजो."

गावावरून जाणारी गाडी

पुस्तकात लिहिलं होतं की शिकागो पाहायचं तर पहिल्या दिवशी 'एल'मध्ये बसा. एल म्हणजे शहराची लोकल. ती रस्त्याच्या वरून, लोखंडी खांबांवरून धावते. मी आयुष्यभर लोकांना गाड्यांची माहिती दिली, पण अशी गाडी पाहिली नव्हती. आमच्याकडे रेल्वेलाइन गावाचे दोन भाग करते आणि माणसं फाटकापाशी ताटकळतात. इथे गाव खाली आपल्या चालीने चालतं आणि गाडी त्याच्या डोक्यावरून जाते. खिडकीतून लोकांच्या दुसऱ्या मजल्यावरची स्वयंपाकघरं दिसतात. एका घरात एक म्हातारे गृहस्थ अंडं फोडत होते, इतकं जवळून.

विहीणबाई पहिल्या वळणावर माझं मनगट धरून बसल्या. चाकं किंचाळली की डोळे मिटायच्या. आमचं बोलणं भिलाईच्या हिंदीत व्हायचं, इथे बहुतेक मराठीत लिहिते आहे.

"ही पडत नाही ना कधी?" त्यांनी विचारलं.

"शंभर वर्षांहून जास्त उभी आहे, असं पुस्तकात लिहिलंय."

"तुमची पोथी काहीही लिहील."

त्या दिवसापासून त्या पुस्तकाचं नाव पोथी पडलं. रोज सकाळी त्या विचारायच्या, "बहनजी, आज पोथी क्या बोलती है?" मी चहा पिता पिता एक पान इंग्रजीतून वाचून हिंदीत सांगायची.

शहराच्या मध्यभागी उतरलो. वरती गाडीचा गडगडाट, खाली मोटारी, दोन्हीकडे मान दुखेपर्यंत उंच इमारती. पण माणसं घाईत असूनही आम्हाला वाट देत होती. आम्ही रस्त्याच्या कडेला नुसत्या उभ्या राहिलो तरी मोटारवाला थांबून हाताने 'जा' म्हणायचा. आमच्या भिलाईत सुपेला चौकात असं कोणी थांबलं तर मागचे दहा जण हॉर्न वाजवतील. पहिल्या दिवशी आम्ही नको असतानाही दोन वेळा रस्ता ओलांडला, मोटारवाले थांबले म्हणून.

एका खांबापाशी विहीणबाई थांबल्या. जुन्या रंगाचे थर, आणि खालून वरपर्यंत लोखंडी पट्ट्या जोडणाऱ्या रिव्हेटच्या लिंबाएवढ्या डोक्यांच्या रांगा. त्यांनी त्यावर तळहात ठेवला. वरून गाडी गेली तेव्हा खांब थरथरला असणार, कारण त्यांनी हात दाबून धरला.

"हे असते तर दिवसभर इथून हलले नसते," त्या म्हणाल्या.

यजमानांबद्दल त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या. प्लांटमधून आल्यावर ते पायांचे तळवे आधी थंड पाण्यात बुडवून बसायचे, हेही सांगितलं. मी ऐकत राहिले. त्या दिवशी पोथीतलं पुढचं काही पाहिलं नाही.

तळं

दुसऱ्या दिवशी तळं. पुस्तकात 'लेक' लिहिलं होतं, म्हणून माझ्या मनात भिलाईच्या मैत्रीबागेतलं तळं. प्रत्यक्षात समोरचा काठच नाही. निळंहिरवं पाणी आकाशाला जाऊन टेकलेलं, लाटा, वाळू, पांढरे पक्षी. विहीणबाईंचं माहेर विशाखापट्टणमकडचं, समुद्राकाठचं. त्या काठावर उभ्या राहून बराच वेळ नाकाने हवा ओढत राहिल्या.

"वास नाही," त्या म्हणाल्या. "समुद्राला वास असतो. माशांचा, मिठाचा."

मग साडीचा काठ सावरून वाकल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं. जवळून पळत जाणारी एक गोरी बाई थबकून बघू लागली.

"मीठ नाही," विहीणबाईंनी मला कळवलं. "गोडं पाणी, इतकं सगळं." त्यांच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य होतं की मला हसू आलं, आणि मग त्याही हसल्या.

जेवायला आम्ही बाकावर बसलो. त्यांच्या डब्यात दहीभात, माझ्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. दोघींच्या मध्ये पोथी. मी सवयीने डबा पुढे केला. "पोट भरलंय," त्या म्हणाल्या. नंतर पुस्तकात वाखाणलेल्या दुकानातून पॉपकॉर्न घेतलं, चीज आणि साखरेच्या पाकातलं एकत्र केलेलं. ते त्यांनी आवडीने खाल्लं. दुकानातलं चालत होतं.

पोथी जुनी असल्याने फसवायची सुद्धा. 'अॅपल पाय' या सफरचंदाच्या गोड पदार्थाचं एक प्रसिद्ध दुकान शोधत आम्ही अर्धा तास चाललो. त्या जागी कुत्र्यामांजरांचा दवाखाना निघाला. तिथल्या मुलीला मी पुस्तक दाखवलं. ती खंतावली, आम्हाला बसवून थंड पाणी दिलं आणि दुकान कुठे हलवलंय ते शोधून कागदावर नकाशा काढून दिला. चूक तिची नव्हती. इतक्या मनापासून चुकीची भरपाई करणारी माणसं मी नोकरीत फार थोडी पाहिली, आणि मी स्वतःही खिडकीमागे बसून तशी नेहमी वागले असं नाही.

काचेखालचं रान

दुसऱ्या आठवड्यात गेलो ते काचेचं मोठं उद्यान पाहायला. हे शहराच्या पश्चिमेला आहे. पुस्तकात त्या वस्तीबद्दल सावधगिरीच्या दोन ओळी होत्या, इकडेतिकडे रेंगाळू नका म्हणून. ते मी विहीणबाईंना सांगितलं नाही. स्टेशनवर उतरलो तर एक काळे आजोबा फाटकाशी उभे होते. त्यांनी टोपी काढून 'गुड मॉर्निंग' केलं आणि न विचारता उद्यानाची वाट दाखवली.

आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. बाहेर बोचरा वारा, आत दमट ऊब. चष्मा पुसून पाहते तर विहीणबाई पुढे निघून गेलेल्या. केळ, हळद, वेलदोडा, कोको, ताडाचे नाना प्रकार. त्या एकेका झाडापाशी थांबून नाव घेत होत्या, तेलुगूत, जणू हजेरी चालली होती.

तिथे झाडांची देखभाल करायला स्वयंसेवक असतात. डोरोथी नावाच्या सत्तरीच्या काळ्या बाई केळीखालचा पाचोळा काढत होत्या. विहीणबाईंनी लोंबणारं केळफूल हातात धरून मला म्हटलं, "हिला सांगा, हे असं वाया घालवू नये." मी सांगितलं. डोरोथींनी हातमोजे काढले आणि विचारलं, याचं करतात काय? मग पाऊण तास विहीणबाई बोलत होत्या आणि मी भाषांतर करत होते: वरची लाल पानं कशी काढायची, आतल्या फुलांतली कडक काडी कशी वेचायची, ताकात का बुडवायचं. डोरोथी छोट्या वहीत लिहून घेत होत्या.

"तुम्ही दोघी बहिणी का?" त्यांनी विचारलं.

इंग्रजीत विहिणीला शब्द नाही. मी म्हणाले, माझी मुलगी आणि यांचा मुलगा यांचं लग्न झालंय, आणि आता त्यांना मुलगी झालीय.

"म्हणजे एकाच बाळाच्या दोन आज्या," डोरोथी म्हणाल्या. "मग बहिणींपेक्षा जवळच्या."

हे मात्र मी विहीणबाईंना भाषांतर करून सांगितलं नाही. का, ते तेव्हा कळलं नाही. बहुधा मला ते खरं वाटलं नाही.

तिसरं स्टेशन

परतताना गाडी बदलायची होती. मी उतरले आणि हात द्यायला मागे वळले. विहीणबाई सीटखाली ठेवलेली पिशवी काढायला वाकल्या होत्या. दारं बंद झाली. काचेपलीकडे त्यांचा चेहरा मला दिसला, आणि गाडी गेली.

त्यांच्या फोनला बाहेर नेटवर्क नव्हतं. इंग्रजीचे चार शब्द येत होते. घराचा पत्ता माझ्या पर्समध्ये. त्यांच्याजवळ पिशवी आणि पिशवीत पोथी.

दुर्गला मी शेकडो लोकांना सांगितलंय, चुकामूक झाली तर गाडीतल्या माणसाने पुढच्या स्टेशनवर उतरून जागेवर थांबावं. विहीणबाईंना सांगायचं मात्र सुचलं नव्हतं. प्लॅटफॉर्मवर एक कर्मचारी बाई होती. तिला सांगताना माझं इंग्रजी मोडून पडलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधी श्वास घ्यायला लावला, साडीचा रंग विचारला आणि वायरलेसवर कळवलं. "पुढच्या गाडीत बसा, दारात उभ्या राहा, प्रत्येक स्टेशन पाहा," ती म्हणाली.

पहिल्या स्टेशनवर नव्हत्या. दुसऱ्यावर नव्हत्या. किरणला काय सांगू, एवढंच डोक्यात. दोन वर्षांपूर्वी बाप गेला, आणि आता आईला मी अमेरिकेत हरवलं.

तिसऱ्या स्टेशनवर मोरपंखी साडी दिसली.

त्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर पोथी, नकाशाचं पान उघडं. शेजारी त्यांच्याच वयाची एक बुटकी, भाजीच्या पिशव्या घेतलेली बाई, बहुधा मेक्सिकोकडची. तिलाही इंग्रजी फारसं येत नव्हतं. विहीणबाई रडताहेत हे पाहून तिने त्यांना गाडीतून उतरवलं होतं, आणि 'इथेच थांब' असं बाकावर हात आपटून सांगितलं होतं. आपल्या दोन गाड्या तिने जाऊ दिल्या. दोघींच्या मध्ये आंब्याच्या फोडींचा एक प्लास्टिकचा पेला, वर तिखट-मीठ भुरभुरलेलं, आणि त्यात फोडी टोचून खायची एकच काडी. ती बाई एक फोड खायची, काडी विहीणबाईंना द्यायची. त्या खायच्या, परत द्यायच्या.

मला पाहून त्या बाईने आकाशाकडे बघत छातीवर क्रूसाची खूण केली, मला मिठी मारली आणि आलेल्या गाडीत चढून गेली. नाव विचारायचं राहून गेलं.

"अपने जैसा मिर्ची लगाते हैं," विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. पेला त्यांच्या हातातच होता.

त्यांना सुखरूप पाहून रडू येत होतं, आणि त्याच वेळी त्या पेल्याकडे बघून रागही आला.

"त्या बाईच्या हातचं चाललं तुम्हाला," मी म्हणाले.

त्यांनी पेला बाकावर ठेवला. एक गाडी आली आणि गेली.

"तुमच्या घरी माझा उपवास कधीच नव्हता," त्या खाली बघत म्हणाल्या. "मैं झूठ बोलती थी."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं तर विचारलं का नाही?"

"मी का विचारू?" मी म्हणाले. "तुम्ही सांगायचं होतं."

पुढच्या गाडीत बसून आम्ही घरी आलो. संध्याकाळी मी भिलाईला फोन लावला. तिकडे सकाळ होती, आमचे हे चहा पीत होते.

"कावून रडून राहिली?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"बोलली न तू?"

"बोलली."

"मंग झालं. आता तिले करू दे जे करायचं ते. तू नोको काही करू."

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात आवाज नव्हता. मी गेले तर विहीणबाई रिकाम्या ओट्याशी बसलेल्या. "आज तुम्ही करा," त्या म्हणाल्या. मी माझ्यापुरता चहा केला आणि बाहेर जाऊन बसले. त्यांना वाटलं म्हणून लगेच मी पातेलं चढवावं, हे मला जमेना. एका दिवसात फिटण्यासारखं ते नव्हतं. दोन दिवस आम्ही बाहेर पडलो नाही. प्रज्ञाने विचारलं, "पोथी वाचून झाली का?"

नदी

तिसऱ्या सकाळी विहीणबाईंनी स्वतः पोथी उघडली आणि चित्रावर बोट ठेवलं. नदीतली बोट. "चला," त्या म्हणाल्या.

ही बोट शहराच्या पोटातून जाते. मी अमेरिकेत पाहिलेल्या सगळ्यात सुंदर गोष्टी त्या दीड तासात पाहिल्या. दोन्ही काठांना इमारती थेट पाण्यातून उगवल्यासारख्या, एक हिरव्या काचेची, नदीबरोबर वळलेली, एक मक्याच्या कणसासारखी गोल. दर दोन मिनिटांनी डोक्यावरून एक लोखंडी पूल. मोठं जहाज आलं की हे पूल मधोमध दुभंगून दोन हात वर केल्यासारखे उभे राहतात, असं माहिती देणारी तरुण बाई सांगत होती. एके काळी या शहराचा मोठा भाग जळून गेला होता, आणि लोकांनी राख बाजूला सारून तो पुन्हा बांधला. ते मी विहीणबाईंना सांगितलं. पुलाखालून जाताना त्या मान मागे टाकून रिव्हेटच्या रांगा पाहत राहिल्या.

बोटीतून उतरून आम्ही काठाच्या पायऱ्यांवर बसलो. माझ्या डब्यात सांबारवडी होती. आमच्या नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्याचं सारण भरलेली. सकाळी मी माझ्यासाठी केली होती. विहीणबाईंनी डबा आणला नव्हता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला द्याल का?"

चार वर्षं डबा मीच पुढे करत आले होते. आज मी जरा वेळ तसाच मांडीवर ठेवला. मग आमच्या दोघींच्या मधल्या पायरीवर ठेवला आणि समोर पाण्याकडे बघत बसले. त्या खातात की नाही हे मला तपासायचं नव्हतं. एक पिवळी होडी गेली, तिच्यातल्या मुलांनी हात केला, मीही केला. थोड्या वेळाने वडी मोडल्याचा कुरकुरीत आवाज ऐकू आला.

"डोरोथी काय म्हणाल्या होत्या त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "तुम्ही सांगितलं नाहीत."

मी सांगितलं.

त्यांनी बोटं पुसली. "ते अजून व्हायचंय," त्या म्हणाल्या.

रिसाली

परत येऊन पंधरा दिवस झाले असतील. दुपारी साडेबारा वाजता फाटक वाजलं. विहीणबाई, आणि त्यांच्याबरोबर त्यांची विशाखापट्टणमहून आलेली थोरली बहीण. न कळवता, बरोबर जेवणाच्या वेळी. हातात पाण्याची बाटली नव्हती. बहीण दारातल्या बुद्धाच्या मूर्तीकडे पाहत उभी राहिली आणि तेलुगूत काहीतरी हलक्या आवाजात म्हणाली. विहीणबाईंनी मोठ्या आवाजात उत्तर दिलं. मला तेलुगू येत नाही, पण आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला, इतका तो आवाज ठाम होता. मग त्या मोरीकडे गेल्या, हात धुतले आणि टेबलाशी येऊन बसल्या. बहीण दोन मिनिटं उभी राहिली. मग तिनेही हात धुतले.

मी चार ताटं वाढली. वांग्याची भाजी, वरण, भात, भाकरी. विहीणबाईंनी पहिला घास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"बहनजी, तेल कितना डालती हो आप?" त्या म्हणाल्या. "हे काय वांगं आहे का? पोहतंय ते."

"आमच्याकडे असंच करतात," मी म्हणाले.

"चुकीचं करतात. उद्या सेक्टर दहाला या, मी दाखवते."

"तुमचं रसम आधी सुधारा, चिंच किती घालता त्यात," मी म्हणाले, आणि त्यांच्या ताटात भाजी आणखी वाढली. त्यांनी नको म्हटलं नाही.